‘इको-फ्रेंडली नॅनो’मधला स्पेशालिस्ट नक्की करतो काय? टॉवेलवरच्या चांदीच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सोलापुरात केमिस्ट्रीत एमएस्सी करताय, मामांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथे एक सप्लायर डाळिंबाच्या सालीपासून बनवलेलं ‘इको-फ्रेंडली नॅनो सिल्व्हर’ घेऊन आलाय, टॉवेलला लावलं की बॅक्टेरिया वाढत नाहीत, वास येत नाही, एक्स्पोर्टला भाव जास्त मिळतो असं सांगतोय, आणि मामा म्हणतायत तू शिकलायस ना, मग सांग घेऊ का. त्याला जोडून तुमचा स्वतःचा प्रश्न, की पर्यावरणपूरक नॅनोटेक्नॉलॉजीतले स्पेशालिस्ट लोक नक्की करतात काय, नुसते लॅबमध्ये पार्टिकल बनवत बसतात का, आणि सोलापुरात राहून त्यात काही करियर आहे का.

मी टेक्सटाइल केमिस्ट्रीतून आलेय, बरीच वर्षं प्रोसेस हाऊस (कापड रंगवणारे, फिनिश करणारे कारखाने) आणि त्यांचे ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, बघतेय, त्यातच नॅनो फिनिश आणि फोटोकॅटॅलिसिसवर (प्रकाशाच्या मदतीने रसायनं मोडणं) काम केलंय. म्हणजे मी जे सांगतेय ते कापड आणि सांडपाण्याच्या बाजूने. औषधातलं किंवा बॅटरीतलं नॅनो हा माझा प्रांत नाही.

माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. मामांना जे उत्तर हवंय ते शोधून देणं हेच या स्पेशालिस्टचं काम. पार्टिकल बनवणं आता अवघड राहिलेलं नाही, एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मुलं दोन दिवसांत बनवतात. अवघड काय, तर तो कण बनला तिथपासून शेवटी कुठे जाऊन पडतो, वाटेत कोणत्या रूपात बदलतो, कोणाच्या अंगात जातो, कोणत्या पाण्यात उतरतो याचा पूर्ण हिशोब मांडणं. आणि हिशोब मांडल्यावर इथे नॅनोची गरजच नाही असं दिसलं तर ते स्पष्ट सांगणं. हे काम करणारा माणूस साखळीत नसेल तर ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द फक्त लेबलवर राहतो.

आधी आकाराचं थोडक्यात सांगते, कारण मामांनाही ते सांगावं लागेल. नॅनो म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक सेंटिमीटर बाजूचा चौकोनी ठोकळा घेतला तर त्याचा सगळा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा एक-एक नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापत गेलात तर एकूण पृष्ठभाग होतो ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर. माल तेवढाच, पण बाहेरच्या जगाशी संपर्क येणारी जागा दीड एकर. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा, तोच प्रकार. म्हणून थोड्या चांदीत जास्त काम होतं, आणि नेमकं त्याच कारणामुळे ती चांदी नको तिथेही जास्त काम करते. फायदा आणि धोका एकाच गुणातून येतात, त्यामुळे ‘आमचं नॅनो फक्त चांगलंच करतं’ असं कोणी म्हणालं की मी तिथेच थांबून पुढचे प्रश्न विचारते.

आता डाळिंबाच्या सालीचं. हे खोटं नाहीये. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात सालीचा अर्क टाकला की सालीतले पॉलिफिनॉल चांदीच्या आयनचं रिडक्शन करतात, म्हणजे विरघळलेल्या चांदीचे धातूचे कण बनवतात, द्राव पिवळा मग तपकिरी होत जातो, प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात पीक येतं, आणि सालीतलेच रेणू कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. सोडियम बोरोहायड्राइड किंवा हायड्रॅझिनसारखी त्रासदायक रसायनं वापरायची गरज उरत नाही, ही खरोखर चांगली गोष्ट. पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची १२ तत्त्वं मांडली त्यातल्या दोन-तीन तत्त्वांत हे छान बसतं. आपल्याकडे डाळिंबाला काय तोटा नाही, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रच आहे, त्यामुळे सोलापूरच्या मुलांनी हा विषय घेणं मला मनापासून आवडतं.

पण ‘ग्रीन’ झाली ती फक्त बनवायची एक पायरी. सिल्व्हर नायट्रेट तेच राहिलं, खाणीतून चांदी काढायला जे पर्यावरणाचं नुकसान होतं ते तेवढंच राहिलं, आणि अशा वस्तूचं संपूर्ण आयुष्यचक्र तपासलं की बऱ्याचदा सगळ्यात मोठा बोजा त्या धातूचाच निघतो, रिडक्शन करणाऱ्या रसायनाचा वाटा त्यामानाने लहान. मुख्य म्हणजे कण कसा जन्माला आला यावरून तो पाण्यात गेल्यावर काय करेल हे ठरत नाही. सालीतून बनलेली चांदीसुद्धा चांदीसारखीच वागते, बॅक्टेरिया मारते, म्हणूनच तर ती विकतायत. अजून एक व्यवहारातली अडचण सांगते जी पेपरमध्ये सहसा लिहीत नाहीत, ती म्हणजे सालीचा अर्क दरवेळी सारखा नसतो. मृग बहाराची साल, हस्त बहाराची साल, आंबे बहाराची साल, ज्यूसवाल्याकडून आणलेली ओली साल, उन्हात वाळवून महिनाभर पोत्यात पडलेली साल, सगळ्यांत पॉलिफिनॉलचं प्रमाण वेगळं, मग कणांचा आकार वेगळा, आणि रिडक्शन न झालेली मोकळी चांदी किती शिल्लक राहिली तेही वेगळं. लॅबमधल्या शंभर मिलिलिटरला हे चालून जातं, पण दोनशे लिटरच्या ड्रमला चालत नाही. दर बॅचला आकार, स्थिरता आणि मोकळ्या आयनचं प्रमाण मोजून ‘ही बॅच पाठवा, ही पाठवू नका’ असं सांगणारा माणूस त्या सप्लायरकडे आहे का, हा मामांचा पहिला प्रश्न असायला पाहिजे.

आता टॉवेलचा प्रवास बघू, कारण खरी गोष्ट इथे आहे आणि इथेच सगळ्यात कमी बोललं जातं.

लोक घरच्या धुण्याचा विचार करतात, तोही बरोबरच आहे. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी बाजारात मिळणारे नॅनो सिल्व्हरचे मोजे नुसत्या पाण्यात हलवून बघितले, काही मोज्यांमधून थोड्याच धुण्यांत जवळपास सगळी चांदी निघून गेली आणि काहींमधून फारच कमी निघाली. हा फरक कशामुळे, तर चांदी धाग्यावर बसवली कशी यामुळे. धाग्याच्या आत घातली, बाइंडरने (धाग्याला चिकटवणाऱ्या रसायनाने) पक्की केली, की वरवर लावली. म्हणजे ‘नॅनो सिल्व्हर टॉवेल चांगला का वाईट’ याला एकच उत्तर नाही, ते बसवण्यावर अवलंबून आहे.

पण कारखान्याच्या बाजूने बघितलं तर मला जास्त काळजी वाटते ती फिनिशिंगच्या टाकीत उरलेल्या द्रावाची. घरी धुताना चांदी थोडी थोडी जाते, टाकीतला द्राव मात्र शिफ्ट संपली की एकदम सोडला जातो. एक हिशोब करून दाखवते, आकडे मी समजा म्हणून घेतेय, तुम्ही मामांकडचे खरे टाका. समजा टॉवेलवर किलोमागे ५० मिलिग्रॅम चांदी बसवायचीय आणि पॅडिंगला (कापड द्रावात बुडवून रोलरमधून पिळणं) पिक-अप, म्हणजे कापड स्वतःच्या वजनाच्या किती टक्के द्राव उचलतं ते, ७० टक्के आहे, तर टाकीतल्या द्रावात लिटरमागे साधारण ७१ मिलिग्रॅम चांदी लागेल. शेवटी टाकीत ५० लिटर उरलं तर त्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास चांदी आहे. हे ५० हजार लिटरच्या इक्वलायझेशन टँकमध्ये (सगळं सांडपाणी आधी एकत्र करायची टाकी) गेलं तर लिटरला ०.०७ मिलिग्रॅम होईल, पण छोट्या युनिटमध्ये सगळं सरळ ५ हजार लिटरच्या टाकीत सोडतात, तिथे तेच ०.७ होतं. आणि लॅबमधल्या प्रयोगांत लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास नॅनो सिल्व्हर असताना अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या बॅक्टेरियांचं काम खूप मंदावलेलं दिसलंय. ईटीपीच्या एरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीत, जे काम चालतं ते बॅक्टेरियाच करतात की हो. बॅक्टेरिया मारायचं औषध आपण आपल्याच बॅक्टेरियांवर ओततोय, आणि मग ऑपरेटर म्हणतो सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, का खाली येईना.

त्यातही मामांकडे प्रोसेस कशी आहे यावर बरंच काही आहे. सोलापुरात बरेच जण सूत आधी रंगवून मग टॉवेल विणतात, शेवटी धुऊन सॉफ्टनरच्या टाकीत बुडवतात, हायड्रो मारतात (गोल फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमध्ये पिळतात) आणि वाळवतात. पॅडिंग मँगल (पिळायचे रोलर) आणि स्टेंटर (कापड ताणून गरम हवेत वाळवणारं मशीन) सगळ्यांकडे नसतो. बुडवून हायड्रो मारायची पद्धत असेल तर हायड्रोमधून निघणाऱ्या पाण्यातही चांदी जाते, आणि स्टेंटर नसेल तर बाइंडर नीट क्युअर (उष्णतेने पक्का) होत नाही, म्हणजे पहिल्या काही धुण्यांत उरलेलीही जाणार. तेच रसायन, तोच डोस, पण एका कारखान्यात ठीक आणि दुसऱ्यात चुकीचं. सप्लायरच्या माहितीपत्रकात हे कधीच नसतं, जागेवर जाऊन बघावं लागतं.

चित्र एकतर्फी रंगवायचं नाहीये, म्हणून हेही सांगते. सांडपाण्यात गेलेली चांदी तशीच नॅनो चांदी म्हणून फिरत राहत नाही. शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात (एसटीपी) ऑक्सिजन नसलेल्या भागात सल्फाइड भरपूर असतं, तिथे तिचा मोठा भाग सिल्व्हर सल्फाइड होतो, तो पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि त्याचा विषारीपणाही खूप कमी. तो बसतो गाळात. मग प्रश्न गाळाचा, तो लँडफिलला जातो की खत म्हणून शेतात. म्हणजे धोका नाहीसा झाला असं नाही आणि आकाशही कोसळलेलं नाही, रूप आणि ठिकाण बदललं. या कामात अशी ‘रूप आणि ठिकाण’ची नोंद सतत ठेवावी लागते, ज्याला नुसतं घाबरवायचंय किंवा नुसतं विकायचंय त्याला ती नको असते.

कामगारांचंही बोलायला हवं, कारण पर्यावरण म्हटलं की लोक नदीपाशी पोचतात आणि मशीनवरचा माणूस मधेच विसरतात. अमेरिकेच्या नायॉश (NIOSH) या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये १०० नॅनोमीटर किंवा त्याहून लहान चांदीच्या कणांसाठी हवेतली शिफारस मर्यादा घनमीटरला ०.९ मायक्रोग्रॅम ठेवली, एकूण चांदीसाठीची त्यांची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. पदार्थ तोच, आकार लहान झाला म्हणून मर्यादा दहापटीहून कडक. त्यामुळे सप्लायर पावडर देतोय का लिक्विड हे विचारा. लिक्विड असेल तर श्वासातून जायचा धोका बराच कमी, पावडर असेल तर पोतं फोडणं, वजन करणं, झाडू मारणं या तिन्ही वेळी कण हवेत उडतात आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाहीत. मी स्वतः कोरडी नॅनो पावडर शॉप फ्लोअरवर येऊच देत नाही, स्लरी करूनच आणा म्हणते, आणि फिनिश फवारून मारत असतील तर तिथेही हाच नियम, फवारा नको, पॅड करा.

मग टॉवेलला हे लागतंच का? टॉवेलला वास येतो कारण तो ओला राहतो. सोलापूरच्या उन्हात गच्चीवर टाकलेला टॉवेल तासाभरात खडखडीत होतो, त्याला चांदीची गरज मला दिसत नाही. जिम, हॉस्टेल, दमट हवेची शहरं, काही प्रमाणात हॉस्पिटल, तिथे विचार करता येतो, पण तिथेही टॉवेलचं वजन, पाइलची (टॉवेलवरच्या धाग्यांच्या फासांची) उंची बदलून तो लवकर वाळेल असा करता येतो का हे मी आधी बघते. एक्स्पोर्टचं म्हणाल तर युरोपात २०१३ पासून बायोसायडल प्रॉडक्ट्स रेग्युलेशन लागू आहे, त्यात बॅक्टेरिया मारतो असा गुणधर्म सांगून विकलेल्या मालावर कोणतं बायोसाइड (जंतुनाशक) वापरलंय ते लेबलवर लिहावं लागतं आणि नॅनो असेल तर तसा उल्लेखही लागतो, शिवाय नॅनो रूपाला वेगळी मंजुरी लागते, साध्या रूपाच्या मंजुरीवर भागत नाही. त्यामुळे ‘एक्स्पोर्टला भाव जास्त’ हे वाक्य बायरकडून लेखी आल्याशिवाय धरू नका, काही बायर तर उलट नॅनो सिल्व्हर नको असंच कळवतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण तुम्ही लिहिलंय की तुम्हाला टायटॅनियम डायऑक्साइडने डाइंगचं पाणी साफ करण्यावर प्रोजेक्ट करायचाय. विषय चांगला आहे, आणि स्पेशालिस्ट व्हायचं म्हणजे काय हे यावरून नीट दाखवता येईल.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तिथून फोटोकॅटॅलिसिसचं सगळं पुढे आलं. अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप (ते कामाला लागण्यासाठी प्रकाशातून लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट. आपल्याकडे ऊन मुबलक असं सगळे लिहितात, पण त्या उन्हातला यूव्ही भाग फक्त ४-५ टक्के. म्हणून लोक डोपिंग करतात (दुसरं मूलद्रव्य थोडं मिसळतात), दुसरे ऑक्साइड जोडतात, म्हणजे दिसणारा प्रकाशही वापरता येईल. इथपर्यंत तुम्हाला तुमचे सर शिकवतीलच, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मटेरियलवर काम चालतं.

पण मी परीक्षक असते तर काय विचारलं असतं ते सांगते. समजा तुम्ही मिथिलीन ब्लू हा लॅबमधला नेहमीचा रंग घेतलाय, पण टॉवेलच्या कापसाला वापरतात ते रिअ‍ॅक्टिव्ह डाय, त्यांची रचना, चार्ज, सगळं वेगळं, मग मिथिलीन ब्लूचा निकाल मामांच्या पाण्याला लागू कसा करायचा? लाइट लावायच्या आधी अर्धा-एक तास अंधारात ढवळलंत का, कारण रंग नुसता कणांवर चिकटून बसला तरी पाणी रंगहीन दिसतं आणि ते ‘डिग्रेडेशन’ म्हणून छापलं जातं. रंग गेला म्हणजे रेणू मोडला असं धरलं, तरी मोडून काय झालं, सीओडी आणि टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) किती उतरले? काही अ‍ॅझो डाय अर्धवट मोडले तर अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होऊ शकतात, ते रंगाने दिसत नाहीत पण रंगापेक्षा त्रासदायक. आणि मीठ? रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगला लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ लागतं, ते फोटोकॅटॅलिसिसने तसूभरही हलत नाही, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जिथल्या तिथे. उलट ते क्लोराइड आणि कार्बोनेट रंग मोडणाऱ्या तुमच्या हायड्रॉक्सिल रॅडिकलना गिळून टाकतात, त्यामुळे डिस्टिल्ड वॉटरमध्ये ९५ टक्के दाखवणारा कॅटॅलिस्ट खऱ्या पाण्यात मान टाकतो. शेवटचा प्रश्न, पावडर परत कशी काढणार? २० नॅनोमीटरची पावडर सेटल होत नाही, फिल्टर चोक करते, आणि निसटली तर सांडपाणी साफ करता करता त्यात नवीनच काहीतरी सोडलं.

यातून निघतं असं, की टायटॅनियम डायऑक्साइड काचेवर, विटेवर, मेम्ब्रेनवर पक्का बसवलेला असेल आणि बायोलॉजिकल ट्रीटमेंट झाल्यावर उरलेल्या हट्टी रंगासाठी शेवटची पायरी म्हणून वापरला तर त्याला जागा आहे. कच्च्या, गडद, मिठाच्या पाण्यावर पहिली पायरी म्हणून नाही, कारण गडद पाण्यात प्रकाश आत शिरतच नाही. आणि मीठ काढायचं तर आरओ आणि इव्हॅपोरेटर लागणारच. कॅटॅलिस्ट कोणत्या पायरीला लावायचा हे ज्याला कळतं तो स्पेशालिस्ट, नुसता कॅटॅलिस्ट बनवणारे भरपूर आहेत. खूप हुशार मुलं वर्षानुवर्षं नवनवीन पावडरी बनवतात आणि ईटीपीची पायरी कधी चढत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाणी तिथे आहे.

चांगली उदाहरणंही आहेत. २००९ मध्ये आलेला टाटा स्वच्छ फिल्टर, त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर नॅनो सिल्व्हर बसवलेलं होतं, वीज नको, नळाचा दाब नको. आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने पाण्यातलं आर्सेनिक काढण्यासाठी लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडवर आधारित मटेरियल बनवलं, ते गावोगावी वापरात गेलं. दोन्हींत साम्य असं की कण एका जागी बांधलेला आहे, पाणी त्याच्याजवळ येतं आणि निघून जातं. मला नियम सांगायला सांगितला तर मी एवढंच म्हणेन, कण बांधलेला असेल तर चर्चा करू, मोकळा सोडायचा असेल तर पुरावा माझ्यासमोर ठेवा. तरी बांधलेल्या कणांतही फिल्टर संपल्यावर आर्सेनिकने भरलेलं मटेरियल कुठे टाकायचं हे उरतंच, आणि त्याचं उत्तर डिझाइन करतानाच लागतं.

शेतीचं थोडक्यात, कारण तुमच्या ओळखीचे शेतकरी विचारतीलच. नॅनो युरियाची पहिली ५०० मिलीची बाटली आली त्यात ४ टक्के नायट्रोजन, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. बाटली गोणीची जागा घेते असा दावा होता. पानातून दिलेलं खत मातीतल्यापेक्षा कमी वाया जातं हे खरं, पण हजारपट फरक नुसत्या कार्यक्षमतेने कसा भरून निघतो हे फील्ड ट्रायलमधूनच दाखवावं लागतं, तेही एका हंगामात नाही आणि एका मातीत नाही. २०२० मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने शेती आणि अन्नातल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती मिळवून वाचा. काय काय तपासायचं हे त्यात नीट कळतं.

करियरबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘ग्रीन नॅनोटेक्नॉलॉजिस्ट’ अशा नावाची जाहिरात तुम्हाला क्वचित दिसेल. ही कामं वेगळ्या नावांखाली असतात. टेक्सटाइल ऑक्झिलरी बनवणाऱ्या कंपन्यांची आर अँड डी, टेस्टिंग लॅब, पाणी शुद्धीकरणाच्या कंपन्या, एक्स्पोर्टरकडचं केमिकल कंप्लायन्स, ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) विभाग, लाइफ सायकल असेसमेंट करणाऱ्या कन्सल्टन्सी. आणि हे सगळं एकाच माणसाला येत नाही. कण ओळखणारा वेगळा, डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव), शेवाळ आणि मासे यांवर विषारीपणा तपासणारा वेगळा, प्लांट चालवणारा वेगळा, कायदा जाणणारा वेगळा. तुम्ही एकात पक्के व्हा आणि बाकी तिघांची भाषा समजेल एवढं शिका. केमिस्ट्रीवाल्या मुलांना मी नेहमी सांगते की मायक्रोबायोलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स टाळू नका, नाहीतर बॅक्टेरियाच्या टेस्टचा रिपोर्ट हातात आल्यावर ‘९९ टक्के’ बघूनच खूश व्हाल, कंट्रोल काय होता, किती सॅम्पल होते, किती धुण्यांनंतर केलं हे विचारणार नाही.

सोलापुरात राहून होईल का? इन्स्ट्रुमेंटसाठी बाहेर जावं लागेल, टीईएमसारख्या (कणांचा फोटो काढणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) गोष्टी पुण्याला एनसीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेत किंवा मुंबईला आयआयटीच्या सैफ या तपासणी केंद्रात सॅम्पल पाठवून करता येतात, त्यासाठी तिथेच राहायची गरज नाही. पण खरं पाणी, खरे डाय, खरा कारखाना तुमच्या मामांच्या घरात आहे, तो मोठ्या संस्थेतल्या कितीतरी मुलांकडे नसतो. पीएचडी लागेलच असं नाही, मटेरियल डिझाइनमध्ये जायचं असेल तर लागेल, तपासणी आणि प्लांटच्या बाजूला दोन-तीन वर्षांचा चांगला अनुभव जास्त कामाला येतो.

मामांसाठी आता लगेच करण्यासारखं सांगते. सप्लायरला ‘चांगलं आहे का’ विचारू नका, त्याच्याकडून लेखी मागा. सेफ्टी डेटा शीट, टीईएमचा फोटो आणि आकाराची विभागणी, द्रावात एकूण चांदी किती आणि त्यातली मोकळी आयन रूपात किती, कोणत्या बाइंडरबरोबर लावायचं आणि किती तापमानाला क्युअर करायचं. आयएसओ २०७४३ किंवा एएटीसीसी १०० या ठरलेल्या टेस्टच्या पद्धतीप्रमाणे बॅक्टेरियाचा रिपोर्ट, तोही नव्या कापडाचा आणि २० धुण्यांनंतरचा दोन्ही, आणि त्याच धुण्यांनंतर कापडावर चांदी किती मिलिग्रॅम उरली. शेवटचा आकडा कोणी सहज देत नाही आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण जी उरली नाही ती पाण्यात गेली. यातलं निम्मंही आलं नाही तर विषय तिथेच संपवा, मामांचं काही नुकसान होत नाही.

सगळं नीट आलं आणि बायरनेही लेखी मागणी केली, तर एका छोट्या लॉटची ट्रायल घ्या. ट्रायलच्या आधी टाकीतला उरलेला द्राव आणि हायड्रोचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये साठेल अशी पाइपची सोय करून घ्या, डाइंग मास्टर आणि ईटीपी ऑपरेटर दोघांना समोर बसवून समजावून सांगा की हे पाणी नेहमीच्या गटारात सोडायचं नाही, पुढच्या बॅचला मेकअप म्हणून (नव्या द्रावात भर घालायला) परत वापरायचं. ट्रायलच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात एरेशन टँकचा सीओडी आणि अमोनिया रोज लिहून ठेवा, बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आणि गाळाचा एक-एक सॅम्पल चांदीसाठी लॅबला पाठवा. ते आकडे आले की मला कळवा, टाकीची मापं आणि पिक-अपही लिहा, मी बघून सांगते पुढे जायचं का नाही.